घराबाहेरची भाकर

संत योहानाच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायाचा आरंभ आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रवासाने थकलेला प्रभू येशू सूखार नगराजवळच्या याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. दुपारचे सुमारे बारा वाजले आहेत. एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते आणि तो तिच्यापाशी पाणी मागतो. या उताऱ्यावर बोलताना आम्ही धर्मगुरू जिवंत पाण्याविषयी बोलतो, त्या स्त्रीच्या जीवनाविषयी बोलतो. मीही गेली कित्येक वर्षे तेच बोलत आलो आहे. परंतु सुवार्तिकाने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे, तिच्याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. शिष्य त्या वेळी तेथे नव्हते. ते अन्न विकत आणण्यासाठी नगरात गेले होते. ज्यांच्या भांड्याला भांडे लागू द्यायचे नाही अशी यहुद्यांची रीत, त्याच शोमरोन्यांच्या नगरात ही मंडळी दुपारचे जेवण घ्यायला गेली. कोणत्या दुकानी गेली असतील? दुकानदाराने अन्न हातात दिले असेल, की दुरून टाकले असेल? हा प्रश्न मला बायबलच्या कोणत्याही भाष्यामुळे पडलेला नाही. तो पडला खामगावच्या कापूस बाजारात, दुपारी साडेबाराच्या सुमारास, एका खाणावळीच्या बाकावर बसलो असताना.

मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत काम करणारी आपली तरुण मंडळी आता दुपारच्या सुट्टीत कॅफेत जातात, कोणी ‘डेली’ नावाच्या दुकानातून पावात भरलेले तयार खाणे घेऊन उभ्या उभ्या खातात आणि पुन्हा कामाला लागतात. त्यात त्यांना विशेष असे काही वाटत नाही. वाटू नये हेच योग्य. परंतु कामाच्या दिवशी, भर दुपारी, स्वतःच्या घरापासून दूर, परक्या माणसाने रांधलेले अन्न परक्या माणसाशेजारी बसून खाणे, ही गोष्ट आपल्या मुलखात अगदी अलीकडची आहे. तिच्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो राजधान्यांपेक्षा बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात अधिक स्पष्ट दिसतो, असे माझे मत झाले आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग पाडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा भाग ‘घाटावर’. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णा खोऱ्याचा काळ्या मातीचा भाग ‘घाटाखाली’. घाटावर काय आणि घाटाखाली काय, दुपारचे जेवण म्हणजे शिदोरी. फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकर, तीवर ठेचा किंवा कोरडे पिठले, फोडलेला कांदा, हंगामात अंबाडीची भाजी. घरधनी पहाटे वखर घेऊन शेतात गेला की दुपारी घरची बाई डोक्यावर दुरडी घेऊन बांधावर पोहोचणार. बाजाराच्या दिवशी गाडीवान आपली भाकर बरोबर घेणार आणि विहिरीकाठच्या झाडाखाली सोडणार. परगावी मुक्काम पडला तर नातलग नाही तर जातभाई शोधणार, तोही नसेल तर कोरडा शिधा घेऊन तीन दगडांची चूल मांडणार. अन्न विकत घ्यायचे म्हणजे चणे, फुटाणे, मुरमुरे. शिजवलेले अन्न विकत घेणे ही कल्पनाच लाजिरवाणी होती. अन्न घालायचे ते अतिथीला किंवा याचकाला. त्याचे पैसे घेणारा आणि ते पैसे देऊन खाणारा, दोघेही कमीपणाचे धनी.

ही व्यवस्था मोडली कापसाने. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग भुसावळहून पूर्वेकडे सरकत होता. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा घाटाखालचा प्रदेश ओलांडून तो १८६७ साली नागपूरला पोहोचला. खामगाव मुख्य मार्गापासून थोडे बाजूला राहिले होते; परंतु तेथील कापूस बाजार एवढा मोठा, की जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा स्वतंत्र फाटा घालण्यात आला. १८७० साली स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनासाठी खामगावी आले होते. एका तालुक्याच्या गावी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय येतो, यावरून त्या काळी कापसाची केवढी मातब्बरी होती याची कल्पना यावी. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाणा शहरात मात्र आजतागायत रेल्वे आलेली नाही. तेथे दुपारचे जेवण वेगळ्या वाटेने आले. कचेरी, कोर्ट आणि पुढे एस.टी. स्टँड यांच्या वाटेने.

रेल्वेमागून जीन आले, प्रेस आल्या. मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी आले; दलाल, अडत्ये, मापारी, हमाल आले. हंगामात सरकी वेगळी करायला आणि रुईच्या गठाणी बांधायला शेकडो मजूर लागत. त्यांत बायका पुष्कळ. या मंडळींचे घर कामापासून दोन-चार कोसांवर, आणि यंत्र काही दुरडी घेऊन येणाऱ्या बाईसाठी थांबत नसे. ‘दुपारची सुट्टी’ हा शब्द येथे प्रथम जन्मला. शेतकऱ्याची दुपार सूर्यावर चालते. मजुराची दुपार भोंग्यावर.

पण ही सुट्टी कोणी आपण होऊन दिलेली नाही, ती मागून घ्यावी लागली. मुंबईच्या गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला. त्या अर्जातील आठवड्याच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि लोखंड्यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. परंतु त्याच अर्जात आणखी एक साधी मागणी होती, ती म्हणजे दुपारी अर्धा तास जेवायला मिळावा. १८९१ च्या कारखाने कायद्याने ती मान्य केली. दुपारी बारा ते दोन या वेळात अर्धा तास काम थांबले पाहिजे, असे कलम त्यात आले. त्याच १८९१ सालच्या मे महिन्यात पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावरील ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले आणि कामगाराच्या विश्रांतीचा हक्क ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणुकीत दाखल झाला. सेमिनरीत आम्ही ते परिपत्रक परिच्छेदवार पाठ केले होते. त्याच वर्षी आपल्याच प्रांतात एका मराठी माणसाच्या खटपटीने मजुराला भाकर खायला अर्धा तास मिळाला होता, हे मात्र तेव्हा आम्हांला कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

खामगावच्या मजुरांना त्या अर्ध्या तासाचा लाभ झाला का? दुर्दैवाने नाही. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्यातून वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने वगळले होते. कापसाचे जीन हे हंगामी; म्हणजे जेथे काम सर्वांत निकराचे, तेथेच कायदा नाही. शेजारच्या खानदेशातील जिनांमध्ये हंगामात तेच मजूर दिवसरात्र कामावर ठेवले जात, अशा साक्षी १८८४-८५ च्या कमिशनपुढे झाल्या होत्या. हंगामी कारखान्यांना कायद्याच्या कक्षेत आणले ते १९११ च्या कायद्याने. मुंबईच्या गिरणी कामगाराला अर्धा तास मिळाल्यानंतर वीस वर्षांनी! तोवर जिनातल्या बाईने आपली भाकर रुईच्या ढिगाआड, तोंडात कापसाचे तंतू जात असताना, मुकादमाची नजर चुकवून खाल्ली असेल, असे मी समजतो.

असो. सुट्टी मिळाली की खाण्याच्या जागेचा प्रश्न येतो, आणि येथून खाणावळीचा इतिहास सुरू होतो. खाणावळ ही संस्था मोठी चमत्कारिक आहे. ती ना धड घर, ना धड दुकान. चालवणारी बहुधा एखादी विधवा किंवा परिस्थितीने गांजलेले कुटुंब, जेवणारे ठरलेले, हिशेब महिन्याचा. जो जेवायला आला नाही त्याचा ‘खाडा’ धरायचा आणि महिनाअखेर तेवढे पैसे वळते करायचे. किती दिवस अगोदर सांगितले म्हणजे खाडा धरला जातो, यावरून झालेली भांडणे प्रत्येक खाणावळीच्या परंपरेचा भाग आहेत. मुंबईच्या गिरणगावात कोकण-घाटावरून एकटे आलेले हजारो कामगार अशा खाणावळवालींच्या हातचे जेवले. या बायकांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले आणि सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा पगार थांबलेल्या कामगारांची उधारी याच बायकांच्या चुलीवर बसली. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे येतात, पण या उधारीचा हिशेब कोणी मांडलेला मला आढळलेला नाही.

मुंबईतील आपल्या गोवेकर ख्रिस्ती बांधवांनी याच गरजेतून ‘कूड’ उभारले. धोबीतलाव भागात गोव्यातील एकेका गावाचा एकेक कूड असे. बोटीवर नोकरीची वाट पाहणारे खलाशी, आचारी तेथे अल्प भाड्यात राहत, संध्याकाळी वेदीपुढे रोझरी म्हणत आणि आपल्या गावच्या माणसांबरोबर जेवत. डबेवाल्यांची १८९० च्या सुमारास सुरू झालेली व्यवस्थाही पाहा. घरचे अन्न घरच्याच डब्यातून कचेरीपर्यंत. तिचे कौतुक जगभर झाले आणि ते सार्थच आहे. पण नीट पाहिले तर खाणावळ, कूड आणि डबा या तिन्हींचा हेतू एकच होता. माणूस घराबाहेर पडला तरी त्याचे जेवण घराबाहेर पडू नये. आपल्या जातीच्या, आपल्या गावच्या, आपल्या धर्माच्या हातचे मिळावे. कामाची जागा सर्वांची झाली होती, परंतु ताट अजून आपापलेच होते.

बुलढाणा जिल्ह्यातील जुन्या खाणावळींतही हीच रीत होती. खाणावळीच्या नावावरूनच आत कोणी बसायचे ते कळे. स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे पाणीवाले फिरत. ज्यांना अस्पृश्य मानले जाई, त्यांना खाणावळीत पाटच नव्हता. चहाच्या हॉटेलात त्यांच्यासाठी वेगळी कपबशी असे. बाहेरच्या बाजूला, वळचणीला किंवा खिळ्याला अडकवलेली. ज्याने चहा घ्यायचा त्याने ती काढायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, स्वतः विसळायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. चहाचे पैसे मात्र सर्वांना सारखेच पडत.

येथे मुंबईच्या इराण्याची आठवण होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणातून आलेल्या झरतुष्ट्री लोकांनी रस्त्याच्या कोपऱ्यावरची दुकाने घेतली आणि संगमरवरी टेबले मांडली. कयानी १९०४ चे, ब्रिटानिया १९२३ चे. त्यांची काही समाजसुधारणेची प्रतिज्ञा नव्हती. ते व्यापार करायला बसले होते. पण पैसे टाकील तो टेबलावर बसेल, एवढ्या साध्या नियमाने त्यांनी ब्रून-मस्का आणि चहा सर्वांना एका टेबलावर दिला. अमेरिकेतील ज्या ‘डेली’ दुकानांचे नाव आता आपल्याकडेही ऐकू येते, त्यांतील पुष्कळशी तेथे स्थलांतर करून गेलेल्या ज्यू लोकांची. आपल्या धर्मनियमांप्रमाणे शुद्ध मांस मिळावे म्हणून त्यांनी ती उघडली आणि हळूहळू साऱ्या न्यूयॉर्कचे कामकरी तेथे दुपारी जेवू लागले. स्वतःचे ताट सांभाळण्यासाठी उघडलेल्या दुकानात परक्यांची पंगत बसली!

प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात हीच गोष्ट आहे. संत पेत्र यापो येथे धाब्यावर प्रार्थनेला गेला तेव्हाही दुपारचे बारा वाजले होते. त्याला भूक लागली होती, खाली स्वयंपाक चालला होता, आणि त्या भुकेल्या अवस्थेत त्याला शुद्ध-अशुद्ध प्राण्यांनी भरलेल्या चादरीचा दृष्टान्त झाला. त्या दृष्टान्ताचा अर्थ कळल्यावर तो परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी गेला. पण याच पेत्राने पुढे अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवायचे सोडले आणि संत पौलाने त्याला सर्वांसमक्ष खडसावले, हे गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. दृष्टान्त लाभलेला माणूसही पंगतीत कचरतो. ख्रिस्ती झालेल्या आपल्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु पंगतीची जुनी सवय पुष्कळांनी बरोबर आणली. वसईपासून वऱ्हाडापर्यंत आपल्यापैकी कोणाचेही हात याबाबतीत अगदी स्वच्छ नाहीत. लग्नाच्या जेवणात कोण कोणाच्या घरी जेवते, याच्या कथा आपणही ऐकलेल्या आहेत. तेव्हा हॉटेलवाल्याच्या खिळ्याला अडकवलेल्या कपाकडे बोट दाखवताना आपण जरा जपूनच बोलावे.

या मातीत समपंगतीचा विचार परका होता, असेही नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी मेहकर आणि लोणार येथे वास्तव्याला होते, त्याच्या आठवणी म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’त आहेत. आपल्या अनुयायांनी घराघरांतील भेद न करता चारी वर्णांकडे भिक्षा मागावी, असा त्यांचा दंडक. भिक्षेच्या झोळीत सर्वांचे अन्न एक होते, हे त्यांनी ओळखले होते. शेगावच्या गजानन महाराजांची गोष्ट तर सर्व जिल्ह्याला तोंडपाठ आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी ते प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले ते एका घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतील शिते वेचून खाताना. आज शेगावला हजारो लोक एका पंगतीत महाप्रसाद घेतात. मी त्या पंथाचा नाही, तरी या जिल्ह्याचा जो रहिवासी आहे त्याने ती उष्टी पत्रावळ विसरू नये असे मला मनापासून वाटते. १८७८ म्हणजे दक्षिणेत मोठा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला.

दुष्काळाचा विषय निघाला म्हणून सांगतो. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांच्या सरकारी नोंदींत एक गोष्ट वारंवार येते. सरकारी चुलीवर शिजलेले अन्न खाल्ले तर जात जाईल, या भीतीने उपाशी लोकही ते घ्यायला कचरत. १८९९-१९०० च्या, लोक ज्याला ‘छप्पनचा’ म्हणतात त्या दुष्काळाने वऱ्हाडही होरपळला. त्या काळात अनाथ मुलांना जेवू घालणाऱ्या प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक मिशनऱ्यांवर ‘भाकरीसाठी बाटवले’ असा आरोप झाला, आणि तो सर्वस्वी निराधार होता असे मी एक धर्मगुरू असूनही म्हणणार नाही. पण ज्या मुलांना दुसरे कोणी ताट दिले नाही त्यांना तेथे ताट मिळाले, हेही तितकेच खरे. पुढे १९७२ च्या दुष्काळात मात्र चित्र पालटलेले दिसते. खडी फोडण्याच्या आणि बंडिंगच्या कामावर दुपारी सुकडी वाटली जाई आणि ती सर्व जण एकाच रांगेत घेत. परदेशातून आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी रेशनवर मिळे. तिच्या भाकरीला चव नव्हती, अशी तक्रार आजही म्हातारी माणसे करतात. भाकरीला चव नाही ही तक्रार करता येणे, हीदेखील एका अर्थी प्रगतीच.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. २६ जानेवारी १९५० रोजी भारतीय संविधान अमलात आले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश करण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणाने कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मसुदा समितीने स्वतंत्र देशाच्या मूलभूत हक्कांत चहाच्या हॉटेलाचा उल्लेख करावा, याचे काही विद्वानांना हसू येईल. ज्याने खिळ्यावरच्या कपातून चहा प्यायला आहे, त्याला येणार नाही. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा झाला आणि त्यात हॉटेलातील भांडी वापरण्यास मनाई करणे हाही गुन्हा ठरला.

योगायोग असा, की त्याच सुमारास बुलढाणा जिल्ह्याचे आजचे सर्वांत प्रसिद्ध खाणे जन्मले. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम करमचंद शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनवर कचोरी विकायला सुरुवात केली. मैद्याची पारी, आत डाळीचे झणझणीत सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. गाडी थांबली की खिडकीतून हात बाहेर आणि कागदात गुंडाळलेली कचोरी आत. शेगावच्या कचोरीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. चवीच्या वादात मी पडत नाही. मला महत्त्वाची वाटते ती तिची बसण्याची सोय, म्हणजे ती सोय नसणे! तिला पाट लागत नाही, ताट लागत नाही, पंगत लागत नाही. कोणी रांधली, शेजारी कोण खातो, हे विचारायला गाडी थांबत नाही. आपला सर्व मुलूख मागे सोडून आलेल्या निर्वासित माणसाने, ज्या जिल्ह्यात त्याचे जातभाई नव्हते, खाणावळ नव्हती, अशा ठिकाणी विकायला काढलेले हे अन्न. वऱ्हाडात भाकरीचा मान मोठा, पण भाकरीने जे धाडस करायला शंभर वर्षे लावली ते या पाहुण्या कचोरीने एका पिढीत केले.

घाटावर, बुलढाणा शहरात, हे काम एस.टी.ने केले. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि पुढे तालुक्या-तालुक्याला स्टँड झाले, स्टँडवर कँटीन आले. जमिनीच्या दाव्यासाठी, दाखल्यासाठी, तगाईसाठी आलेला खेडूत वकिलाच्या ओट्यावर शिदोरी सोडायचा, तो आता कोर्टाबाहेर आलुबोंडा आणि तर्रीचे पोहे खाऊ लागला. घाटाखाली कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ पासून सुरू झाली, तेव्हा खरेदी केंद्रांबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागत. नंबर लागेपर्यंत दोन-दोन दिवस. पहिल्या दिवशी घरची भाकर संपे, आणि दुसऱ्या दिवशी पाटील आणि त्याचा गडी एकाच बाकावर बसून भजी खात. या रांगांना शेतकऱ्याने शिव्या दिल्या त्या रास्तच होत्या. पण त्या रांगेतील दुसऱ्या दिवसाची दुपार मला फार मोलाची वाटते.

सरकारनेही या भाकरीत हात घालून पाहिला. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली. पुष्कळ केंद्रांत थोड्याच काळात झुणका-भाकर सोडून बाकी सर्व मिळू लागले, आणि काही वर्षांत योजना बंद पडली. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात, दहा रुपयांत. शहरात थाळीमागे पन्नास आणि ग्रामीण भागात पस्तीस रुपये धरून उरलेली रक्कम सरकार भरी. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि थाळीची किंमत पाच रुपयांवर आणली गेली. जेवणाची वेळ ठरवली होती दुपारी बारा ते दोन. १८९१ च्या कायद्यातलीच ती वेळ. रांगेत मजूर होते, इस्पितळात आलेल्या रोग्यांचे नातलग होते, बंद पडलेल्या हॉटेलातले वेटर होते. अशा योजनांत गैरव्यवहार होतात, देयके थकतात, हे सर्व मला ठाऊक आहे. तरी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. त्या रांगेत जात विचारायला कोणाला फुरसत नव्हती.

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ आहेत. वय नव्वदीच्या घरात. त्यांचे वडील धर्मशिक्षक होते. स्वतः ते तरुणपणी घाटाखालच्या एका बाजारगावी हमाली करीत. गावाचे आणि हॉटेलाचे नाव लिहू नका, असे त्यांनी मला बजावले आहे, कारण हॉटेलवाल्याची नातवंडे आता त्यांच्या नातवंडांची मित्र आहेत. त्या हॉटेलाच्या मागच्या भिंतीला त्यांचा कप टांगलेला असे. कान तुटलेला होता, त्यामुळे ओळखायला सोपा. ख्रिस्ती असल्याने फरक पडत नसे का, असे मी विचारले. ते म्हणाले, “फादर, कपाले काय मालूम बाप्तिस्मा झाला का नाई?” पुढे एकदा, साल त्यांना नक्की आठवत नाही, पण कायदा झाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी, ते गठाणी उतरवून चहाला गेले तर भिंतीवर कप नव्हता. त्यांना वाटले, आता चहाही बंद. तेवढ्यात मालकाने आतून काचेच्या ग्लासात चहा आणून बाकावर ठेवला. बोलला काही नाही. हे उभ्यानेच प्यायले. बसायचे धाडस झाले नाही. ग्लास कोठे ठेवावा ते कळेना, म्हणून तो विसळायला मागे नळाकडे निघाले, तेव्हा मालक खेकसला, “ठेव तिथंच, पोऱ्या धुईल.”

गेल्या नाताळात मी त्यांच्या घरी गेलो होतो. सुनेने सर्वांना चहा दिला. आमच्या गप्पा चालल्या होत्या. चहा संपताच ते काठी टेकत उठले आणि आपला कप घेऊन मोरीकडे निघाले. सुनेने वाटेत त्यांच्या हातातून कप काढून घेतला. रोजचेच आहे, असे ती मला म्हणाली.